खरखरणारा सेट

वहिनीची एक सवय आहे. वाईट बातमी ती नेहमी चहाबरोबर देते. समोरच्याच्या हातात गरम कप असला की त्याला काही फेकून मारता येत नाही, असा तिचा हिशोब.

"आयसी बंद झाली," ती म्हणाली.

"कुठली?"

"कुठली म्हणजे? आपला अख्खा सेट जिच्यावर चालतो ती. बनवणंच थांबवलंय म्हणे. डीलरचा फोन होता. त्याच्याकडे नाही, गोदामात नाही, कुठ्ठे नाही."

मी कप खाली ठेवला. ठेवला कसला, आदळला. वहिनीने बशी आधीच बाजूला घेतली होती. माझ्या भावाशी लग्न करून ती या घरात आली, भाऊ बाराही महिने जहाजावर, त्यामुळे संसार तिने बराचसा माझ्याशीच केलाय. माझा राग तिला पाठ आहे.

आमचा सेट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल, एवढ्याशा वस्तूसाठी ही बाई एवढं आकांडतांडव का करते. बंदराच्या मागच्या गल्लीत आमच्या खाली दोन खोल्या, वर दोन. खाली वर्कशॉप, वर आम्ही. बाबांनी तरुणपणी इथे एक रेडिओ बनवला. पत्र्याचा चौकोनी डबा आणि त्याला एक जाड बटण, ओल्या हाताने, हातमोजे घालूनसुद्धा फिरवता येईल असं. त्यावर ना दिवे, ना आकडे. त्याने आयुष्यात एकच काम करायचं: टेकडीवरच्या केंद्रातून हवामानाच्या बातम्या येतात, त्या भर समुद्रात ऐकवायच्या. बंदरातल्या झाडून सगळ्या मासेमारी बोटींवर हाच सेट. मीठ खातो, आपटतो, एक तर पाण्यात पडून वर आला आणि उन्हात वाळवल्यावर बोलायला लागला. या डब्याचं काळीज म्हणजे ती आयसी. बोटाच्या पेराएवढी काळी वडी, दोन्ही बाजूंना पायांची रांग. वहिनी तिला झुरळ म्हणते. हवेतून आलेल्या गोंधळातून माणसाचा आवाज सोडवून काढायचा, हे सगळं ते झुरळ करतं. बाकी डबा म्हणजे नुसता थाट.

आणि आता झुरळच मिळणार नव्हतं.

ही बातमी आमच्या आधी बोटमालकांच्या सोसायटीत पोचली होती. मासेमारीबंदीमुळे समुद्र बंद होता, हंगाम उघडायला थोडेच दिवस होते, आणि नेहमीप्रमाणे सगळ्या बोटींचे सेट दुरुस्तीला यायचे होते. सेट आले नाहीत, सोसायटीचे सेक्रेटरी आले. सज्जन माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना दर वाक्याला हात जोडणारा.

"मॅडम, तुमच्या वडिलांबद्दल आम्हाला किती आदर आहे ते सांगायला नको."

"मग नका सांगू. मुद्द्याचं बोला."

मुद्दा असा होता. एका मोठ्या कंपनीने सोसायटीला सीलबंद सेट दाखवले होते. रंगीत पडदा, स्टेशनचं नाव अक्षरात उमटतं, बटण दाबलं की स्वतःच स्टेशन शोधतो. बिघडला तर उघडायचा नाही, बदलून घ्यायचा. "मलाही जुनाच सेट आवडतो हो," सेक्रेटरी म्हणाले, "पण ज्याचा जीवच बाजारात मिळत नाही त्या सेटवर मी माणसांचे जीव कसे सोपवू? हंगाम उघडायच्या आत मला नव्या आयसीवर चालणारा सेट दाखवा. बोटीवर चालला, तर सगळ्या बोटी तुमच्या. नाही चालला, तर सगळ्या बोटी त्यांच्या."

माणूस चुकीचं बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला. आमचा सेट बोटींशिवाय दुसरं कुणी घेत नाही. बोटी गेल्या की वर्कशॉपला कुलूप, इतकं ते सरळ होतं.

बाबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. सांगायचं म्हणजे ओरडायचं. ऐकण्याचीच कामं करता करता बाबांचे कान गेलेत. बंदरात एकाच माणसाचं बोलणं त्यांना नीट कळतं, तो म्हणजे भोंगा. भोंगा हा सगळ्यात जुना बोटवाला. धुक्यात बंदराचा भोंगा बंद पडला तर याला धक्क्यावर उभा करा, अशी त्याची थट्टा करतात. मी काही भोंगा नाही. तीनतीनदा ओरडले, गल्लीला सगळं कळलं, बाबांना अर्धं कळलं.

त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली. आत कापसात एक कोरी करकरीत आयसी. आमची. खरी.

"एक आहे," ते म्हणाले.

"एकीने काय होणार बाबा?"

"ही आहे तोवर सेट मेला म्हणायचं नाही."

त्यांच्या उशाशी त्यांनी बनवलेला पहिला सेट असतो. गेल्या वर्षापासून तो मुका झाला होता, आयसीच गेली होती त्याची. काड्यापेटीतली बसवली असती तर लगेच चालू झाला असता. पण लावली की संपली, या भीतीने त्यांनी ती लावलीच नाही. सेट मुका, बाबा बहिरे, आणि दवा खिशात. मी जिन्यात बसून रडले. मग डोळे पुसले आणि स्वतःवरच चिडले, कारण रडून आयसी मिळत नाही.

आधी आम्ही जुन्या बाजारात गेलो. तिथे एक दुकानदार आहे, त्याच्याकडे सगळं असतं. तुम्ही हत्तीचा सुटा पाय मागितलात तरी म्हणेल, डावा की उजवा? त्याने काउंटरखालून आमच्या आयसींनी भरलेली अख्खी प्लास्टिकची नळी काढली. वर आमचाच नंबर, पांढऱ्या अक्षरांत, ठसठशीत. मला तर त्याचे पाय धरावेसे वाटले. वहिनीने मात्र पर्समधून नेलपॉलिश पुसायची बाटली काढली, कापसाला लावली आणि एका आयसीच्या पाठीवरून फिरवली. आमचा नंबर कापसावर आला. खाली खरवडलेल्या पाठीवर दुसराच नंबर होता, खेळण्यातल्या मोटारीच्या आयसीचा.

"अहो, हे काय?" वहिनी म्हणाली.

"ताई, आम्हालाही असंच मिळतं," दुकानदार म्हणाला. चेहरा तर असा केला की जणू आम्हीच त्याला फसवलं होतं.

मी तिथे काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वहिनीने दंड धरून मला बाहेर काढलं. "वन्सं, चला," ती म्हणाली. ती मला वन्सं म्हणाली की समजायचं, आता हिचीही सहनशक्ती संपली.

मग मी ठरवलं, जुन्याच्या मागे पळायचं नाही. त्याच कामाची दुसरी, आज बनणारी, उद्याही मिळेल अशी आयसी शोधायची आणि ती आमच्या जुन्या बोर्डावर बसवायची. बोलायला सोपं. एकीला व्होल्टेज जास्त लागायचं, दुसरीचं काम अर्धंच, तिसरी इतकी बारीक की वहिनी म्हणाली, हिला सोल्डर करायला मुंगीला नोकरीवर ठेवावं लागेल. नाकी नऊ आले. शेवटी एक सापडली. कामाला चोख, सहज मिळणारी, दोन वेगवेगळ्या कंपन्या बनवतात अशी. एक बंद झाली तरी दुसरी आहे. पाय वेगळे होते, म्हणून मी मधे बसणारी एक छोटी पट्टी काढली. वर नवी आयसी, खाली जुन्या आयसीसारखे पाय. जुनी उपटायची, पट्टी खोचायची, झालं. बाकीच्या सेटला पत्ताही लागू नये की काळीज बदललंय.

पहिल्यांदा पट्टी खोचून बटण फिरवलं आणि मी खुर्चीतून उडालेच. काय आवाज! टेकडीवरची हवामान सांगणारी बाई जणू टेबलापलीकडे बसून बोलत होती. आणि दोन स्टेशनांच्या मधे? चिडीचूप. जुन्या सेटवर स्टेशन नसेल तिथे खरखर यायची, सतत, तव्यावर पाणी उडावं तशी. माझी अर्धी हयात गिऱ्हाइकांच्या त्या एका तक्रारीत गेलीय: गल्लीत कुणाचाही घरचा रेडिओ दुरुस्त केला की म्हणणार, अहो, पण खरखरतोय. आमच्या धंद्यात खरखर म्हणजे शिवी. या नव्या आयसीत खरखर दाबायची सोय होती, आणि ती कमी-जास्तही करता यायची. मी ती सगळ्यात जास्तवर ठेवली. वरून पाठ थोपटून घेतली.

"बघ वहिनी, ऐक!"

"काय ऐकू? काहीच येत नाहीये."

"तेच तर!"

सेक्रेटरींनी ऐकलं, हात जोडले. भोंगा ऐकून म्हणाला, "पोरी, बापाच्या वर गेलीस." मी हवेतच होते. सेट त्याच्या बोटीवर बसवला. समुद्र अजून सगळ्यांना खुला नव्हता, पण चाचणीसाठी एका बोटीला परवानगी होती. मी वहिनीला म्हटलं, आता आयसीचा डबाभर साठा मागव.

भोंगा दुपारी परत आला. धक्क्यावरून नाही, थेट गल्लीत. सेट काखेत. दारात उभा राहून त्याने तो टेबलावर ठेवला आणि त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "मेलाय तुझा सेट!"

"मेलाय म्हणजे? सकाळी तर..."

"भूशिराच्या अलीकडे पोपटासारखा बोलतो. भूशिर ओलांडलं की मुका. ढिम्म! बटण फिरवून फिरवून बोट दुखलं. अगं, स्टेशन कुठाय हेच कळत नाही, तर धरू कुठे? मासे काय भूशिराच्या अलीकडे मिळतात? याच्यापेक्षा रिकामा डबा बरा, निदान त्यात चहापत्ती तरी ठेवता येते."

भूशिर म्हणजे बंदराच्या टोकाशी समुद्रात घुसलेला डोंगर. त्याच्या पलीकडे टेकडीवरचा सिग्नल अगदी क्षीण पोचतो. जुना सेट तिथे चालायचा, म्हणूनच तर त्याची किंमत.

मागोमाग सेक्रेटरी आले. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. "परवा भोंग्याच्या बोटीवर कंपनीचा सेट लावून जातोय," ते म्हणाले. "मीही जाणार आहे. मॅडम, तुम्हाला आणखी काही जमलं तर तुमचाही घेऊन या, शेजारी ठेवू. पण त्याच दिवशी निर्णय. मला बोटी सोडायच्यात."

ते गेले. भोंगाही गेला. मी तारेला दोष दिला, बॅटरीला दिला, भोंग्याच्या जाड बोटांना दिला. वहिनी म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मी म्हटलं, तोंड आवर. ती म्हणाली, तूच आवर. कुलूप कुठलं घ्यायचं, इथपर्यंत माझं डोकं पोचलं होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बाबा खाली येत होते. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर ते वर्कशॉपमध्ये उतरलेच नव्हते. पण भोंग्याचं ओरडणं त्यांना वर नीट ऐकू गेलं होतं. जगातली सगळी बोलणी सोडून नेमकं तेच एक वाक्य त्यांच्या कानात शिरलं होतं: मेलाय तुझा सेट.

ते टेबलाशी बसले. गेल्या हंगामापासून आमच्याकडेच राहिलेला एक जुना सेट, त्यात अजून जुनी आयसी होती, तो त्यांनी डाव्या हाताखाली घेतला. नवा उजव्या हाताखाली. दोन्ही चालू केले आणि तळवे डब्यांवर सपाट ठेवले. कान गेल्यापासून ते सेट असाच तपासतात, पत्र्याची थरथर हाताने ऐकून. डाव्या हाताच्या सेटचं बटण ते अगदी सावकाश फिरवायला लागले. खरखर, खरखर, खरखर. मग ती किंचित पातळ झाली. नुसती पातळ, आवाज कसलाच नाही. बाबांचा हात तिथेच थांबला, केसभर मागेपुढे झाला, आणि त्या पातळ जागेतून कुठल्या तरी लांबच्या स्टेशनवरचा माणूस बोलायला लागला.

मी लहानपणापासून हे बघत आलेय. प्रत्येक बोटवाला स्टेशन असंच धरतो. आकडा बघून नाही, आवाज ऐकून नाही, खरखर जिथे पातळ होते ती जागा धरून.

मग बाबांनी उजव्या हाताचं बटण फिरवलं. पत्रा गार. स्वच्छ, सुंदर, गाढ शांतता. लांबच्या स्टेशनवरून बटण गेलं तरी शांतता.

"हा झोपलाय," बाबा म्हणाले.

"झोपला नाहीये बाबा, शांत आहे!" मी किंचाळले. "मुद्दाम शांत केलाय त्याला! मीच तर खरखर दाबून..."

आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"दाबून काय?" वहिनीने विचारलं.

काय सांगू तुम्हाला! काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती आयसी सिग्नल जरा क्षीण झाला की त्यालाही खरखरच समजायची आणि तोंड मिटून घ्यायची. तिच्या डेटाशीटच्या, म्हणजे माहितीपत्रकाच्या, पहिल्याच पानावर हे कौतुकाने छापलं होतं, आणि मीही कौतुकानेच वाचलं होतं. शहरातल्या दिवाणखान्यात ते छानच आहे. भर समुद्रात, जिथे हवामानाची बाई त्या खरखरीतूनच बोलते, तिथे मी तिच्या तोंडावर उशी दाबली होती. स्वतःच्या हाताने, सगळ्यात जास्तवर. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला सुचलीसुद्धा नसती. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात; मी आमचं सोनं मुकं करून विकायला निघाले होते.

मी हसायला लागले. वहिनीला वाटलं, गेली ही कामातून. मी तिला मिठी मारली, बाबांच्या टकलाचा मुका घेतला आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवली.

उपाय एका रेझिस्टरचा होता. तोंड मिटायची आज्ञा आयसीच्या एका पायाकडून येते. त्या पायाला एक रेझिस्टर लावून तो कायमचा वरच्या व्होल्टेजला बांधून टाकला की तोंड मिटायची सोयच संपली. लावला. बटण फिरवलं, आणि खरखरर्र! असा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. भूशिरापलीकडच्यासारखा क्षीण सिग्नल हवा होता, आणि लोखंड सिग्नल अडवतं, म्हणून वहिनीने सेट लोखंडी कपाटात घातला, दार जवळजवळ लावलं, फटीतून हात आत घालून बटण फिरवलं. बाई बोलली. दबकी, पण बोलली.

मी नाचायच्या बेतात होते, पण वहिनीने मान हलवली. "ही आपली खरखर नाही."

"खरखरीत आपली-परकी असते का?"

"असते. आपली रेतीसारखी आहे, मऊ. ही पत्रा खरवडल्यासारखी आहे. हिच्यात बाईचे शब्द कापले जातायत. नीट ऐक ना, वारा कुठला म्हणाली ते कळलं तुला?"

नव्हतं कळलं. नवी आयसी जास्त तीक्ष्ण होती, चढे आवाज जसेच्या तसे पुढे ढकलत होती. म्हणजे आवाज बाहेर पडायच्या वाटेवर एक कॅपॅसिटर हवा, तीक्ष्णपणा गिळणारा. कितीचा? ते कुठल्या डेटाशीटमध्ये नसतं. मी एकेक लावत गेले, वहिनी कपाटाला कान लावून बसली, आणि बाबांनी कपाटाच्या दारावर तळवा ठेवला. वहिनी म्हणायची, अजून खरवडतंय. बाबा मान हलवायचे, नाही. पुढचा लावला तर बाई नाकात बोलायला लागली. तो काढला, मधला लावला.

वहिनीने डोळे मिटले. "वारा वायव्येकडून," ती म्हणाली. "प्रत्येक अक्षर कळतंय."

बाबांनी दारावरचा हात काढला नाही. बराच वेळ तसाच ठेवला. "ठेव हा," ते म्हणाले, आणि उठून वर गेले. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही भोंग्याच्या बोटीवर होतो. मी बंदरात जन्मले, पण बोट मला सोसत नाही, हे कुणाला सांगू नका. वहिनी कठड्याला टेकून पाव खात होती, तिच्याकडे बघूनही मला मळमळत होतं. सेक्रेटरी कंपनीचा सेट तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यावर केंद्राचं नाव निळ्या अक्षरांत चमकत होतं, आवाज घुमत होता. आमचा पत्र्याचा डबा शेजारी दोरीने बांधला होता. भूशिराच्या अलीकडे दोघंही बोलत होते, आणि खोटं कशाला बोलू, त्यांचा जास्त छान बोलत होता.

भूशिर मागे पडलं. लाटा मोठ्या झाल्या. कंपनीच्या सेटमधली बाई एक वाक्य बोलली, अर्धं गिळलं, आणि गप्प झाली. पडद्यावर निळ्या अक्षरांत आलं: सिग्नल नाही. सेक्रेटरींनी बटण दाबलं. सेटने स्वतःच शोधलं, सगळीकडे फिरून आला आणि पुन्हा लिहिलं: सिग्नल नाही.

"दमलंय लेकरू," वहिनी म्हणाली.

आता आमचा. भोंग्याने एक हात सुकाणूवर ठेवून दुसऱ्याने जाड बटण धरलं. खरखर. त्याने मान तिरकी केली. खरखर, खरखर. माझा जीव त्या बटणात अडकला होता. त्याचं ते जाडं बोट केसभर हललं. खरखर पातळ झाली. आणि त्या मऊ, रेतीसारख्या खरखरीतून टेकडीवरची बाई म्हणाली, दुपारनंतर वारा फिरेल, जोर वाढेल, लहान बोटींनी भूशिरापलीकडे थांबू नये.

प्रत्येक अक्षर. एकही कापलं गेलं नाही.

मग भोंग्याने आकाशाकडे पाहिलं. निळंशार, ढगाचा टिपूस नव्हता. "हे ऐकलं नसतं, तर आज मी माघारी फिरलो नसतो," तो म्हणाला, आणि त्याने सुकाणू वळवलं. त्याने ते इतक्या हळू आवाजात म्हटलं की मला भीती वाटली. भोंगा हळू बोलू शकतो हेच मला माहीत नव्हतं.

आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा वारा फिरला होता. भूशिराबाहेर पाणी पांढरं झालेलं धक्क्यावरून दिसत होतं. सेक्रेटरींच्या शर्टाची इस्त्री पार गेली होती. ते उतरले, पाय जमिनीवर टेकल्यावर त्यांनी एक मोठा श्वास घेतला, आणि मग भरधक्क्यावर माझ्यासमोर हात जोडले. "सगळ्या बोटी," ते म्हणाले. "सगळे सेट पाठवून देतो. पट्ट्या बसवा. आणि मॅडम, ती खरखर..."

"काय तिचं?"

"कमी करू नका."

मी जिंकले होते. मी तिथेच, मळमळत्या पोटाने, दोन्ही हात वर करून ओरडले. लोक बघत होते. बघू देत! वहिनी लहान पोरीसारखी उड्या मारत होती आणि तिच्या हातातला पाव समुद्रात पडला.

गल्लीत आम्ही पोचायच्या आधीच भोंगा पोचला होता. आमच्या दारात उभा राहून, छाती भरून, त्याने वरच्या खिडकीकडे तोंड केलं. "मास्तर! खरखरतोय! भूशिरापलीकडे खरखरतोय! पोरीने जिवंत केला!" अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. फक्त आमची नाही उघडली.

मी जिना चढायला धावले, तर बाबा खाली येत होते. दोन्ही हातांत त्यांचा सेट होता. तो उशाशी असायचा तो, पहिला, मुका. त्यांनी तो टेबलावर ठेवला, पाठीचा पत्रा स्वतः उघडला आणि माझ्यासमोर सरकवला. मग खिशातून काड्यापेटी काढली.

आता तरी ते शेवटची आयसी लावणार होते. मी घ्यायला हात पुढे केला.

"ही नाही," बाबा म्हणाले, आणि काड्यापेटी त्यांनी वहिनीच्या हातात दिली. "ही ठेवून दे कुठेतरी. हिचं काम झालं."

"झुरळाला पेन्शन," वहिनी म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

"तुझी बसव," बाबा मला म्हणाले.

मी मेलेली जुनी आयसी उपटली. पट्टी पहिल्या खेपेला बसेना. मग बसली. बाबांनी पत्रा बंद केला, बटण फिरवलं आणि तळवा डब्यावर ठेवला. हाताखाली पत्रा थरथरायला लागला तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझा हात ओढून डब्यावर ठेवला, आणि त्याच्यावर स्वतःचा ठेवला.

"ऐक," ते म्हणाले.